सफेद्याची किंमत

मराठीत पांढऱ्या रंगाला फार मान आहे. शेतजमिनीला आपण काळी म्हणतो आणि गावाला पांढरी. हाताला माती न लागता ज्याचं पोट भरतं, तो पांढरपेशा. आम्ही कवी मंडळी तर पांढरा रंग दिसला की त्याला निर्मळ, निष्पाप अशी विशेषणं लावून मोकळे होतो. आज मी ज्या पांढऱ्याविषयी बोलणार आहे, तो मात्र निष्पाप नाही. त्याचं नाव सफेदा.

हा शब्द फारसीतून आला आणि इथलाच होऊन गेला. आज हार्डवेअरच्या दुकानात कुठल्याही पांढऱ्या रंगाला किंवा भुकटीला सफेदा म्हणतात; पण जुन्या कारागिरांचा सफेदा म्हणजे शिशापासून केलेला पांढरा रंग. रंगारी तो तेलात कालवून दारं-खिडक्यांना लावत. नळ जोडणारे पाइपाच्या आट्यांवर सूत गुंडाळून त्यावर सफेद्याचा हात फिरवत. आणि चित्रकार त्याच सफेद्यानं चेहऱ्यावरचा उजेड, मोत्यावरचा ठिपका आणि पदराची चमक काढत. शेकडो वर्षं तैलचित्रातला पांढरा म्हणजे मुख्यतः हाच पांढरा. इंग्रजीत त्याला फ्लेक व्हाइट म्हणत, म्हणजे पापुद्र्यांचा पांढरा.

पापुद्र्यांचा का, ते त्याच्या घडणीत आहे. मातीच्या भांड्यात तळाशी शिर्का ओतायचा आणि त्याच्या वर, शिर्क्याला टेकणार नाही अशी, शिशाच्या पत्र्याची गुंडाळी ठेवायची. अशी शेकडो भांडी घोड्याच्या लिदीत रचायची, वर फळ्या टाकायच्या, पुन्हा लीद, पुन्हा भांडी. मग खोली बंद. लीद कुजू लागली की ऊब येते आणि कार्बन डायऑक्साइड वायू सुटतो. शिर्क्याची आंबट वाफ शिशाला खात जाते. तीनेक महिन्यांनी खोली उघडली की करड्या पत्र्यावर पांढरे पापुद्रे धरलेले असतात. ते झाडून घ्यायचे, पाण्यात दळायचे, धुवायचे, वाळवायचे. ही डच लोकांची पद्धत. पण शिर्का आणि शिसं यांचं गणित त्याहून फार जुनं आहे. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात थिओफ्रास्टस या ग्रीक विद्वानानं ते लिहून ठेवलं आहे. लीद, आंबट पाणी आणि करडा धातू यांतून असा शुभ्र रंग निघावा, याचं आश्चर्य वाटतं.

या रंगाचा दुसरा निम्मा भाग मात्र थेट आपल्या शेताशी नातं सांगतो. नुसत्या भुकटीचा रंग होत नाही, ती तेलात घोटावी लागते. आणि तेलही साधं चालत नाही. गोडेतेल वर्षभर ठेवलं तरी पातळच राहतं. जवसाचं तेल हवेतला प्राणवायू घेऊन आळतं, घट्ट होतं आणि शेवटी त्याचं चामट, चिवट कातडं बनतं. आपल्या विदर्भात जवस हे रब्बीचं जुनं पीक. ज्या जवसाची चटणी आपण भाकरीबरोबर खातो, त्याच दाण्याच्या तेलात युरोपातल्या थोर चित्रकारांनी आपले रंग घोटले. ते तेल उकळून तयार केलं की सुतार आणि रंगारी त्याला बेलतेल म्हणतात. करडईचंही तसंच. जवसाचं तेल काळानं पिवळं पडतं म्हणून चित्रकारांच्या पांढऱ्या रंगाच्या ट्यूबमध्ये आजही बऱ्याचदा करडईचं तेल घालतात.

शिशाचा सफेदा आणि जवसाचं तेल एकत्र आले की त्यांच्यात नुसतं मिश्रण होत नाही, संबंध जुळतो. तेलातली आम्लं शिशाशी संयोग पावतात आणि एक प्रकारचा साबण तयार होतो. त्यामुळे रंग लवकर वाळतो आणि वाळल्यावरही लवचीक राहतो. कापड उन्हाळ्यात ताणलं, पावसाळ्यात सैल झालं तरी हा थर सहज तडकत नाही. कुंचल्याखाली तो लोण्यासारखा ओढला जातो आणि ओढल्याची खूण धरून ठेवतो. त्याचा पांढरा डोळ्यात खुपत नाही, किंचित उबदार असतो. माणसाच्या कातडीखालून येणारा उजेड दाखवायला चित्रकारांना तो हवासा वाटला, यात नवल नाही. अर्थात हा साबणही पूर्ण निरुपद्रवी नाही. रेम्ब्रांटनं १६३२ साली रंगवलेल्या, डॉक्टर टुल्प यांच्या शरीरशास्त्राच्या पाठाच्या प्रसिद्ध चित्रात या साबणाच्या बारीक पुटकुळ्या वर आलेल्या जतनतज्ज्ञांना आढळल्या. तीन-साडेतीन शतकं उलटली तरी रंगाच्या पोटातली हालचाल थांबलेली नव्हती.

या सफेद्याचा आणखी एक गुण चित्रकाराच्या ध्यानीमनीही नव्हता. शिसं क्ष-किरणांना अडवतं. त्यामुळे जुन्या तैलचित्राचा एक्स-रे काढला की जिथं सफेदा जाड लागला आहे तिथं उजळ दिसतं, आणि वरच्या चित्राखाली दडलेलं पहिलं चित्र समोर येतं. आधी हात वर होता, मग खाली आणला. आधी मान वळलेली होती, मग सरळ केली. आम्ही कवी कच्चा खर्डा फाडून टाकतो. चित्रकाराचा खर्डा मात्र शिशानं सांभाळून ठेवला.

आता आपल्याकडे येऊ. मानोऱ्याहून पश्चिमेकडे निघालं, वाशीम मागं टाकलं, बुलढाणा ओलांडला की अजिंठ्याचा डोंगर लागतो. तिथली चित्रं दीड हजार वर्षांपूर्वीची. त्यांतला पांढरा चुना, पांढरी चिकणमाती, जिप्सम अशा खनिजांचा आहे. १८४४ साली रॉबर्ट गिल या मद्रास लष्करातल्या अधिकाऱ्याला या चित्रांच्या नकला करण्यासाठी पाठवलं गेलं. त्यानं जवळजवळ वीस वर्षं तिथं राहून कापडावर तैलरंगात मोठमोठ्या नकला केल्या. त्यांतल्या बहुतेक १८६६ साली लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. मग मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन आले. १८७२ ते १८८५ या काळात त्यांनी पुन्हा तैलरंगात नकला केल्या. पेस्तनजी बमनजी हे पुढे नावाजलेले चित्रकार त्या विद्यार्थ्यांत होते. या नकलाही लंडनला गेल्या आणि त्यांतल्या कितीतरी १८८५ साली तिथल्या संग्रहालयातल्या आगीत नष्ट झाल्या. मूळ चित्रं मात्र, झिजलेली, पोपडे निघालेली, पण अजून भिंतीवर आहेत. नकला करणाऱ्यांनी आणि दुरुस्ती करणाऱ्यांनी त्यांच्यावर जे व्हार्निश चढवलं, ते पिवळं आणि काळपट पडलं आणि ते काढायला पुढच्यांना फार कष्ट पडले. उत्तम चित्राला सफेदा लागतोच असं नाही, एवढं अजिंठ्याच्या भिंतीवरून कुणालाही कळावं.

कागदावरच्या लघुचित्रांत आपल्या देशात सफेदा वापरला गेला, पण तिथं तो डिंकात कालवलेला असे. तेलाचं कवच नसलं की हवेतला गंधकयुक्त वायू शिशाला लागतो आणि पांढऱ्याचं काळं होतं. जुन्या चित्रांत एखाद्या राजकन्येच्या गालावर किंवा फुलाच्या पाकळीवर काळपट डाग दिसतो, तो कधीकधी चित्रकारानं काढलेला नसतो. तो काळवंडलेला सफेदा असतो.

तैलरंग आपल्याकडे खरा रुजला तो एकोणिसाव्या शतकात. १८५७ साली मुंबईत सर ज. जी. कलाशाळा सुरू झाली. दक्षिणेत राजा रविवर्मा (१८४८ ते १९०६) तैलरंगात काम करू लागले, पुढे मुंबईला आले आणि १८९४ साली त्यांचा छापखाना निघाला. आपल्या घराघरांतल्या लक्ष्मी-सरस्वतीच्या तसबिरींचं मूळ तिथं आहे. कोल्हापुरात जन्मलेले महादेव विश्वनाथ धुरंधर (१८६७ ते १९४४) त्याच कलाशाळेत शिकले आणि तिथंच शिकवत मोठ्या पदाला पोचले. आमच्या समाजातले आबालाल रहिमानही याच कलाशाळेचे विद्यार्थी. शाहू महाराजांच्या आश्रयानं कोल्हापूरच्या परिसरात चित्रं काढत राहिलेले, १९३१ साली वारलेले कलावंत. या पिढीच्या हाती जे विलायती रंग आले, त्यांत शिशाचा पांढरा हा तैलरंगाचा पाया होता. संस्थानांच्या दरबारात, नगरपालिकांच्या सभागृहात, वकिलांच्या दिवाणखान्यात जी तैलचित्रं टांगली गेली, त्यांतल्या पागोट्यांची आणि उपरण्यांची शुभ्रता या परंपरेतली आहे.

आणि इथंच माझा खरा मुद्दा सुरू होतो. चित्रातला माणूस पांढरपेशा होता. तो पांढरा तयार करणारा माणूस कोण होता?

१७०० साली बर्नार्दिनो रामाझिनी या इटालियन वैद्यानं कामगारांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला. त्यात त्यानं चित्रकारांच्या आजारपणाचं कारण त्यांच्या रंगांत शोधलं. पण चित्रकाराच्या पाटीवर सफेदा वाटाण्याएवढा. ज्या गिरण्यांत तो टनांनी तयार होई, तिथली गोष्ट वेगळी. पापुद्रे झाडणं, भट्टीत वाळवणं, कोरडी भुकटी भरणं, ही सगळ्यांत घातक कामं. इंग्लंडात ती मुख्यतः गरीब बायका करत, कारण त्या स्वस्तात मिळत. चार्ल्स डिकन्सनं १८६०च्या दशकात पूर्व लंडनच्या वस्तीत फिरून या बायकांबद्दल लिहिलं. पोटात पिळवटून टाकणाऱ्या कळा, हिरड्यांवर निळसर रेघ, मनगट लुळं पडणं, गर्भ पडणं, झटके, आणि काहींच्या बाबतीत मृत्यू. काम घातक आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. ठाऊक असूनही बायका रांगेत उभ्या राहत, कारण घरी चूल पेटायची होती. त्या कामांतून बायकांना दूर ठेवणारा नियम तिथं व्हायला १८९८ साल उजाडलं.

पुढे १९२१ साली जिनिव्हाला आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं सफेद्याबद्दल एक करार केला. इमारतींच्या आतल्या रंगकामात सफेदा वापरू नये, अठरा वर्षांखालच्या मुलांना आणि सर्व स्त्रियांना सफेद्याच्या औद्योगिक रंगकामाला लावू नये, असं त्यात आहे. चांगला करार. पण त्याच्या दुसऱ्या कलमात एक सवलत आहे : कलात्मक चित्रकामाला ही बंदी लागू नाही.

ही सवलत मला बरेच दिवस सतावते आहे. ती देण्यात हिशेब होता, हे मला कळतं. चित्रकार थोडा रंग वापरतो, स्वतःच्या मर्जीनं वापरतो, आपला धोका आपण पत्करतो. पण ट्यूबमध्ये भरलेला सफेदा आकाशातून पडत नाही. तो त्याच गिरणीतून, त्याच भट्टीतून, त्याच हातांतून येतो. कलेला दिलेली सूट ही कलावंताच्या बोटांपुरती नसते, ती त्याच्यामागच्या सगळ्या हातांच्या नावावर चढते. शब्दांशी खेळणाऱ्या माणसानंही हे ध्यानात ठेवावं असं मला वाटतं. सौंदर्याची किंमत दुसऱ्यानं चुकवलेली असली तर निदान तिची नोंद तरी असावी.

सफेद्याला पर्याय नव्हते असंही नाही. जस्ताचा पांढरा अठराव्या शतकाअखेरीस पुढे आला आणि १८३४ साली विन्सर अँड न्यूटन या कंपनीनं तो जलरंगात 'चायनीज व्हाइट' म्हणून विकायला काढला. जलरंगात तो उत्तम. तेलात मात्र ठिसूळ होतो आणि कालांतरानं तडकतो. नंतर, सुमारे शंभर वर्षांपूर्वी, टायटॅनियमचा पांढरा आला. तो सगळ्यांत जास्त झाकणारा, आणि शिशासारखा विषारी नाही. त्याचं खनिज, इल्मेनाइट, केरळच्या किनाऱ्यावर आहे आणि आपल्या रत्नागिरीच्या काळ्या वाळूतही आहे. आज घरच्या भिंतीपासून चित्रकाराच्या ट्यूबपर्यंत बहुतेक सगळा पांढरा हाच. जुन्या वळणाचे चित्रकार तक्रार करतात की तो थंड आहे, दुसऱ्या रंगात मिसळला की त्याला दाबून टाकतो, वाळायला वेळ घेतो. तक्रार खरी आहे. पण तिच्यावर उपाय निघतात. थोडा जस्ताचा पांढरा मिसळतात, रंगात उबदार छटा घालतात. लुळ्या मनगटावर असा उपाय निघत नाही.

या नव्या पांढऱ्यानं एक गंमतही केली. वोल्फगांग बेल्ट्राकी नावाच्या जर्मन माणसानं जुन्या चित्रकारांच्या नावावर नकली चित्रं खपवली. १९१४ सालचं म्हणून विकलेल्या एका चित्रात टायटॅनियमचा पांढरा सापडला, जो त्या साली चित्रकाराला मिळणं शक्य नव्हतं. २०११ साली त्याला शिक्षा झाली. आपल्याकडेही रविवर्म्यांच्या नावाची चित्रं बाजारात येतात, तेव्हा पांढरा कुठला आहे हे तपासणं हा एक साधा आणि खात्रीचा प्रश्न ठरू शकतो.

कुणी म्हणेल, ही सगळी जुनी आणि परक्या मुलखातली गोष्ट झाली. तसं नाही. शिसं शरीरात गेलं की कॅल्शियमची जागा घेऊन हाडांत जाऊन बसतं. लहान मुलांच्या मेंदूवर त्याचा परिणाम होतो आणि तो भरून येत नाही. जागतिक आरोग्य संघटना सांगते की शिशाचं सुरक्षित असं कुठलंही प्रमाण नाही. आपल्या देशात २०१६ साली घरगुती आणि सजावटीच्या रंगांसाठी नियम झाले आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून अशा रंगांत दहा लाख भागांत नव्वद भागांपेक्षा जास्त शिसं असू नये असं ठरलं. चांगली गोष्ट. पण नियमानंतरचा रंग सुधारला तरी नियमाआधीचा रंग भिंतीवर, दारावर, खिडकीच्या गजावर तसाच आहे. सफेदा त्यात असेल, शिशाचे पिवळे-नारिंगी रंगही असतील. बोर्ड रंगवणारे आमच्याकडचे पेंटर फ्लेक्स आल्यापासून घरं रंगवायला लागले. जुन्या वाड्याचं दार नव्यानं रंगवायचं म्हणून ते कोरड्या पॉलिशपेपरनं घासतात. बारीक पांढरी धूळ उडते, मिशीवर बसते, सदऱ्यावर बसते. त्याच हातानं खर्रा तोंडात जातो. संध्याकाळी त्याच सदऱ्यानिशी माणूस लेकराला उचलून घेतो. शिसं कातडीतून फारसं शिरत नाही. ते श्वासातून आणि तोंडातून जातं, आणि हे दोन्ही रस्ते आपण उघडे ठेवतो.

उपाय महागडे नाहीत. जुना रंग कोरडा घासू नये, पाणी मारून ओला घासावा. नाकातोंडाला चांगला मास्क असावा, नुसता रुमाल पुरत नाही. खर्रा, बिडी, जेवण हात साबणानं धुतल्याशिवाय नको. कामाचे कपडे घरच्या कपड्यांत धुऊ नयेत. पोपडे झाडून अंगणात टाकू नयेत, तिथं पोरं खेळतात. आणि काम करून घेणाऱ्यानंही, आपल्या घराचं दार पांढरं होताना दुसऱ्याच्या घरी काय जातं आहे, याची थोडी चौकशी करावी.

शिशाचे दुसरे अवतारही घरात असतात. सफेदा भाजला की त्याचा शेंदूर होतो. तो त्याच शिशाचा तांबडा भाऊ. आणि आमच्या घरांत पोराच्या डोळ्यांत सुरमा घालतात. बाजारात सुरमा म्हणून जे मिळतं, ते बऱ्याचदा शिशाचंच खनिज असतं. श्रद्धा आणि माया आपल्या जागी राहोत. शेंदूर लावलेला हात धुवावा, आणि तान्ह्याच्या डोळ्यांना आईच्या नजरेपेक्षा दुसरं काही लावायची गरज नाही.

चित्रकलेच्या विद्यार्थ्यांसाठी एक साधी खूण सांगतो. चांगल्या कंपनीच्या ट्यूबवर रंगद्रव्याचा क्रमांक छापलेला असतो. पी. डब्ल्यू. १ म्हणजे शिशाचा पांढरा, ४ म्हणजे जस्ताचा, ६ म्हणजे टायटॅनियमचा. नुसतं 'फ्लेक व्हाइट' हे नाव पाहून समजू नका, क्रमांक वाचा. लहान मुलांच्या हातात एक क्रमांकाची ट्यूब कधीच जाऊ नये.

मग सफेद्याची विद्या विसरून जायची का? नाही. जुनी चित्रं ज्यांनी रंगवली त्यांच्या रीतीनंच ती जपावी लागतात. युरोपात रंगांमध्ये सफेद्यावर बंदी घातली, तेव्हा कलाकृती आणि ऐतिहासिक इमारतींच्या दुरुस्तीसाठी परवानगीची वाट राखून ठेवली. आपल्याकडे लखनौला राष्ट्रीय प्रयोगशाळा आहे, मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कलाजतनाचं केंद्र आहे. अशा ठिकाणी, हवा खेचणाऱ्या पंख्याखाली, हातमोजे घालून, जाणत्या माणसांच्या हाती सफेदा राहावा. आपल्या तालुक्याच्या गावांतही कचेऱ्यांत, शाळांत, जुन्या घरांत तैलचित्रं धूळ खात आहेत. ती ओल्या फडक्यानं पुसू नयेत, हौशी माणसाकडून त्यांना नवा रंग देऊ नये, जाणकाराला दाखवावीत.

अशा एखाद्या चित्रापुढं उभं राहाल तेव्हा पागोट्याची शुभ्रता जरूर डोळे भरून पाहा. ज्यानं ती रंगवली त्याचं नाव कोपऱ्यात असेल. ज्यांनी तो पांढरा झाडला, दळला आणि वाळवला, त्यांचं नाव चित्रावर लिहायची चाल नाही. त्यांची आठवण आपण ठेवायची.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)